मीटर चोवीस दाखवतो, मग गाडी का अडते?

चालायला त्रास होणाऱ्या व्यक्तीला विजेवर चालणाऱ्या तीन-चार चाकी स्कूटरमुळे कुणाच्या मदतीवाचून बाजारात, दवाखान्यात जाता येते. तीच वाटेत बंद पडली तर माणूस तिथेच अडकतो. मग बिघाड शोधताना एक कोडे पडते. मीटर पुरेसे व्होल्ट दाखवतो, दिवा लागतो, पण गाडी हलत नाही. असे का?

बहुतेक अशा स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. प्रवाह बॅटरीतून फ्यूज किंवा सर्किट ब्रेकरमार्गे नियंत्रकाकडे आणि तिथून मोटरकडे जातो.

आधी सोप्या गोष्टी पाहू. चार्जर जोडलेला असताना गाडी सहसा चालत नाही. तशी योजनाच केलेली असते. हाताने ढकलण्यासाठी मोटर मोकळी करणारा दांडा तसाच राहिला असेल, तरी गाडी चालणार नाही. ब्रेक स्प्रिंगमुळे लागलेला असतो आणि वीज मिळाल्यावरच सुटतो. वेगाचा खटका दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, तर ब्रेकपर्यंत वीज पोहोचते आहे असे समजावे.

आता कोड्याकडे वळू. समजा, एका गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम आहे. मीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यामुळे नुसता मीटर लावला तर जोडातून नगण्य प्रवाह वाहतो आणि तिथे विभवांतर जवळजवळ घटत नाही. पण चढावर मोटर २० अँपिअर मागू लागली की ओहमच्या नियमानुसार त्याच जोडावर २० × ०.१ = २ व्होल्ट खर्ची पडतात. तिथे २ × २० = ४० वॉट उष्णताही निर्माण होते. वापरानंतर एखादा जोड गरम लागला तर शंका तिथेच घ्यावी.

जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोधही असाच वाढतो. म्हणून प्रत्येक बॅटरीचे विभवांतर गाडी चालू असताना, सहायकाच्या मदतीने, वेगवेगळे मोजावे. एक बॅटरी १२ च्या आसपास टिकली आणि दुसरी ९ वर कोसळली, तर दोषी कोण ते कळते. चाके उचलून धरली तर मोटरवर भार पडत नाही आणि दोष लपून राहतो.

वर्गात हेच टॉर्चच्या एका जुन्या व एका नव्या सेलवर दाखवता येईल. आधी नुसता मीटर लावून दोन्हींचे आकडे लिहून घ्या. मग बल्ब जोडून पुन्हा मोजा. जुन्या सेलचा आकडा किती जास्त घसरतो, ते मुलांनाच सांगू द्या.

प्रत्यक्ष गाडीवर काम करताना मात्र अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीची टोके धातूने जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. फ्यूजच्या जागी साधी तार कधीही लावू नये.

मीटरचा आकडा खोटा नसतो. आपण प्रश्न विश्रांतीतल्या बॅटरीला विचारतो आणि उत्तर मात्र चढावरच्या गाडीचे समजतो, एवढेच.