कोकोच्या बियांचे किण्वन आणि त्यांचे आरोग्यमूल्य

प्रस्तावना

कोको (थिओब्रोमा ककाओ) हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील वृक्ष असला, तरी आज त्याच्या उत्पादनात आयव्हरी कोस्ट आणि घाना हे पश्चिम आफ्रिकी देश अग्रेसर आहेत. ताजे बी कडू व तुरट असते. त्यास चॉकलेटचा गंध नसतो. तो निर्माण होण्यासाठी किण्वन, म्हणजेच आंबवणे, आवश्यक ठरते. मात्र ज्या घटकांमुळे कोको आरोग्यास हितकारक मानला जातो, त्यांचा मोठा भाग याच प्रक्रियेत नष्ट होतो. या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किण्वनाची प्रक्रिया

घानामध्ये फळे फोडून गरासह बियांचा ढीग रचतात व तो केळीच्या पानांनी झाकतात. ही प्रक्रिया साधारणतः ५ ते ७ दिवस चालते. प्रथम यीस्ट गरातील शर्करेचे अल्कोहोलमध्ये रूपांतर करतात. ढीग उलटल्यावर हवा खेळू लागते आणि जीवाणू त्या अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल तयार करतात. तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. उष्णता व आम्ल यांमुळे बीजांकुर मरतो, पेशींतील पडदे फुटतात आणि आजवर वेगवेगळे असलेले घटक परस्परांत मिसळतात. प्रथिनांचे विघटन होऊन पेप्टाइड व अमिनो आम्ले तयार होतात. पुढे भाजताना त्यांपासूनच चॉकलेटचा गंध उत्पन्न होतो.

बहुफिनॉलांवरील परिणाम

न आंबवलेल्या बियांच्या शुष्क वजनात सुमारे १२ ते १८ टक्के बहुफिनॉल असतात. त्यांतील एपिकॅटेचिन हे फ्लॅव्हॅनॉल विशेष महत्त्वाचे आहे. पेशी फुटल्यावर बहुफिनॉल ऑक्सिडेज हे विकर त्याचे ऑक्सिडीकरण घडवते. कापलेले वांगे काळे पडते, ते याच प्रकारच्या क्रियेने. जांभळे बी तपकिरी होते व तुरटपणा घटतो; त्याबरोबरच एपिकॅटेचिनही मोठ्या प्रमाणात घटते. वाळवणे, भाजणे आणि अल्कलीप्रक्रिया यांत आणखी घट होते.

आरोग्यविषयक पुरावा

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये दररोज २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हॅनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवण्यास साहाय्यक असल्याचे मान्य केले. अमेरिकेतील २१,४४२ ज्येष्ठ व्यक्तींवरील ‘कॉसमॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल देऊनही हृदयरोगाच्या एकूण घटनांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय घट आढळली नाही. हृदयरोगजन्य मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हा दुय्यम निष्कर्ष असल्याने तो सावधपणे स्वीकारावा लागतो. शिवाय या चाचणीत चॉकलेट नव्हे, तर कोकोचा अर्क दिला होता.

निष्कर्ष

किण्वन टाळल्यास फ्लॅव्हॅनॉल अधिक टिकतात, परंतु चॉकलेटचा स्वाद मिळत नाही. अपुऱ्या आंबलेल्या बिया बाजारात हलक्या प्रतीच्या ठरतात. त्यामुळे आरोग्यमूल्य राखण्याची किंमत प्रथम शेतकऱ्यास मोजावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता, वेष्टनावरील ‘७० टक्के कोको’ ही नोंद कोकोचे प्रमाण सांगते, फ्लॅव्हॅनॉलचे नव्हे. त्यात कोकोची चरबीही धरलेली असते. म्हणून केवळ गडद रंग वा टक्केवारी यांवरून चॉकलेटला आरोग्यदायी ठरवणे शास्त्रीय ठरत नाही. बियांवर कोणती प्रक्रिया किती काळ झाली, हाच निर्णायक प्रश्न होय.