उडी मारणारे आणि दोरीने उतरणारे: ८२ विरुद्ध १०१

या भागाचा हा लिखित मजकूर. इअरफोन घरी राहिले असतील तर लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून काढा.

नॉर्मंडीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 'बँड ऑफ ब्रदर्स' बघितलेली कोणी ना कोणी विचारतेच: "त्यातली ती गरुडाच्या बिल्ल्याची १०१वी डिव्हिजन, ते लोक अजूनही पॅराशूटने उड्या मारतात का हो?"

नाही मारत. व्हिएतनामच्या युद्धात, १९६८मध्ये, या डिव्हिजनने पॅराशूट बाजूला ठेवलं आणि हेलिकॉप्टर धरलं. पण गंमत ऐका. खांद्यावरच्या गरुडाच्या डोक्यावर आजही अक्षरं तीच आहेत: 'एअरबोर्न'. आणि जे आजही खरोखर उड्या मारतात, त्या ८२व्या डिव्हिजनच्या पोरांना ही अक्षरं डोळ्यांत कुसळासारखी खुपतात. आजचा भाग या खुन्नशीवर. गोड खुन्नस आहे, पुणे-मुंबईसारखी. पण तिच्या तळाशी एक खरा मुद्दा आहे, आणि तो पैशाचा आणि मानाचा आहे.

आधी थोडी टिंगल ऐकून घेऊ, कारण त्यात सगळी ओळख होऊन जाते.

८२वी राहते नॉर्थ कॅरोलायनात, फोर्ट ब्रॅगला. बिल्ल्यावर दोन 'ए', म्हणजे 'ऑल अमेरिकन'. १९१७मध्ये ही डिव्हिजन उभी राहिली तेव्हा अमेरिकेच्या झाडून सगळ्या राज्यांतली माणसं तिच्यात होती, म्हणून हे नाव. १०१वाले म्हणतात, छे, तो 'ए ए' म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', दारू सोडवणाऱ्या मंडळींचा क्लब! १०१वी राहते केंटकीच्या सीमेवर, फोर्ट कॅम्पबेलला. त्यांचा बिल्ला 'स्क्रीमिंग ईगल', किंचाळणारा गरुड. ८२वाले त्याला सरळ 'चिकन' म्हणतात.

हेलिकॉप्टरमधून दोर धरून उतरणाऱ्याला पॅराट्रूपर म्हणतो 'डोप ऑन अ रोप'. म्हणजे दोरीला लटकलेला मठ्ठ. उलट बाजूने, ज्याने कोर्सपुरत्या पाच उड्या मारल्या आणि आयुष्यभर छातीवर पंख मिरवले, तो 'फाईव्ह जंप चंप'. आणि जो काहीच करत नाही तो 'लेग'. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर पँटचे पाय उंच बुटांत खोचायचे, बाकीच्यांची पँट सरळ खाली लोंबायची. त्या 'स्ट्रेट लेग'चं झालं 'लेग'. ८२च्या लेखी १०१ची पोरं 'लेग'च. तुम्ही 'एअरबोर्न' लिहिलेल्या माणसाला तोंडावर हे म्हणून बघा, मग कळेल.

हेलिकॉप्टरवाल्यांचा ठरलेला सवाल असतो: "धडधाकट विमानातून उडी मारायचीच कशाला?" पॅराट्रूपरचं ठरलेलं उत्तर: "लष्कराचं विमान धडधाकट असतं, असं कोणी सांगितलं तुला?"

आता मागे जाऊ. ही दोन वेगळी घराणी नाहीतच, सख्खे भाऊ आहेत. १६ ऑगस्ट १९४२ला लुइझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नमध्ये ८२व्या डिव्हिजनचे दोन भाग केले आणि त्यातून १०१ निघाली. म्हणजे ही भांडणं वाटणीनंतरची आहेत, आणि वाटणीनंतर भावाभावांत काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण खरी ठिणगी मला त्याच्याही आत दिसते. या डिव्हिजनमध्ये सगळेच पॅराट्रूपर नव्हते. निम्म्याच्या आसपास लोक ग्लायडरने जायचे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं, लोखंडी नळ्या, लाकूड आणि कापडाचं विमान. मोठ्या विमानाने दोराने ओढत न्यायचं आणि शत्रूच्या शेतावर सोडून द्यायचं. झाड आलं, कुंपण आलं, तुमचं नशीब. पॅराट्रूपर शिपायाला उडीच्या धोक्यापोटी महिन्याला ५० डॉलर जादा मिळायचे. ग्लायडरवाल्याला? शून्य. पंखांचा बिल्लाही नाही. आपटून मोडलेल्या ग्लायडरचे फोटो चिकटवून त्यांनी स्वतःच उपरोधाचं पोस्टर केलं होतं: या, भरती व्हा, जादा पगार नाही, पण कंटाळा येणार नाही याची खात्री! १९४४च्या उन्हाळ्यात, नॉर्मंडीत माणसं मेल्यावर, त्यांना तो भत्ता आणि बिल्ला मिळाला.

हे लक्षात ठेवा, कारण आजचा हेलिकॉप्टर सैनिक त्याच ग्लायडरवाल्याचा नातू आहे. १०१मधली ३२७वी रेजिमेंट मुळात ग्लायडरची. डिसेंबर १९४४मध्ये बास्तोनला वेढा पडला, जर्मनांनी शरणागती मागितली, तेव्हा जनरल मॅकॉलिफचं ते प्रसिद्ध एका शब्दाचं उत्तर, 'नट्स', जर्मनांच्या हातात दिलं ते या ग्लायडर रेजिमेंटच्या कर्नल हार्परने. आणि बास्तोनला १०१ कशी पोचली होती माहितीये? ट्रकमधून. पॅराशूट नाही, ग्लायडर नाही, उघड्या ट्रकमधून गारठत. ८२वी पण त्याच लढाईत ट्रकनेच आली आणि उत्तरेच्या बाजूला तितक्याच जिवावर लढली. पण वेढ्याची गोष्ट पेपरांना आवडते, म्हणून नाव झालं १०१चं. ८२चे जुने लोक याबद्दल कुरकुरले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही.

बरं, मग कोणाची पद्धत भारी? इथे जरा गणित करू.

एका सी-१७ विमानात १०२ पॅराट्रूपर बसतात. दोन दारं, म्हणजे एका दारातून ५१. उडीच्या वेळी विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ६५ मीटरहून थोडा जास्त. एका दारातून सेकंदाला एक माणूस बाहेर पडला, तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात तीन किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. हे सगळं नीट झालं तर! वारा, अंधार, गोळीबार धरला तर विचारू नका. नॉर्मंडीत दोन्ही डिव्हिजनची माणसं मैलोन् मैल विखुरली. १०१च्या पोरांकडे पितळी 'क्रिकेट' होतं, टिकटिक वाजणारं खेळणं, अंधारात आपला माणूस ओळखायला. त्याच्या आदल्या वर्षी सिसिलीत तर ८२च्या १४४ विमानांपैकी २३ विमानं आपल्याच तोफांनी पाडली.

हेलिकॉप्टरचं तसं नाही. ब्लॅक हॉकमध्ये शस्त्रांसकट ११ जण, चिनूकमध्ये तिसेक. सगळे एका जागी, एकत्र, आपल्या सार्जंटसोबत उतरतात. काम झालं की तेच हेलिकॉप्टर परत न्यायलाही येतं, जे पॅराशूटला कधीच जमणार नाही. तोफ आणि जीप पोटाखाली लटकवून आणता येते. २४ फेब्रुवारी १९९१ला १०१ने इराकच्या वाळवंटात सुमारे १५० किलोमीटर आत उडी घेतली (हो, यालाही मी उडीच म्हणणार) आणि 'कोब्रा' नावाचा तळ मांडला. तिथे सर्वांत मोलाची वस्तू कुठली होती? इंधन. कारण हेलिकॉप्टरची दुखरी नस तीच. काही शे किलोमीटरवर टाकी रिकामी. ते जगाच्या दुसऱ्या टोकाला एका रात्रीत जाऊ शकत नाही. शिवाय खाली उतरताना ते मोठं, आवाजी आणि सोपं निशाण असतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची पाच हजारांच्या आसपास हेलिकॉप्टरं गेली.

८२चा जीव लांबच्या पल्ल्यात आहे. त्यांची एक तुकडी कायम १८ तासांच्या नोटिशीवर असते. २०२०च्या नव्या वर्षाच्या तोंडावर बगदादच्या दूतावासावर हल्ला झाला आणि पार्टीचे बेत टाकून पोरं कुवेतच्या विमानात बसली. पण पोचल्यावर पुढे पायी! १९९०मध्ये सद्दामच्या रणगाड्यांसमोर सौदीत आधी ८२च जाऊन उभी राहिली, आणि ते स्वतःलाच 'स्पीड ब्रेकर' म्हणत होते.

हा वाद आपल्याकडेही एका आठवड्यात प्रत्यक्ष खेळला गेलाय, म्हणून दोन मिनिटं घेतो. डिसेंबर १९७१, लक्ष्य ढाका. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला. जनरल सगत सिंग यांनी ९ तारखेपासून एमआय-४ हेलिकॉप्टरने ४ गार्ड्सला पलीकडे नेलं. आणि ११ तारखेला टांगाईलजवळ विमानांतून उतरली दुसरी पॅरा, सातशेच्या आसपास जवान, पुंगली पूल धरायला. ही दुसरी पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन! तीही थोडी विखुरलीच. आणि हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवणारे सगत सिंग कोण? १९६१ला गोव्यात ५० पॅरा ब्रिगेड घेऊन शिरलेले, म्हणजे स्वतः पॅराशूटवाल्यांचे कमांडर. समोर नदी होती, हाताशी हेलिकॉप्टर होती. बस.

परत अमेरिकेत येऊ, कारण पैशाचा मुद्दा राहिला.

पॅराट्रूपरचं शिक्षण फोर्ट बेनिंगला, तीन आठवडे, पाच उड्या. हेलिकॉप्टरवाल्यांची 'एअर असॉल्ट स्कूल' दहा दिवसांची. पॅराट्रूपर यावर हसतात. पण त्या दहा दिवसांच्या आधी एक 'दिवस शून्य' असतो, त्यातच बरेच जण गळतात. शेवटी पाठीवर ओझं घेऊन १२ मैल, तीन तासांत. मधली परीक्षा मला सर्वांत भारी वाटते. हेलिकॉप्टरखाली लटकवायचा माल समोर ठेवतात, त्यात मुद्दाम चार चुका केलेल्या असतात. दोन मिनिटांत तीन शोधा, नाहीतर घरी. पट्टा उलटा, हूक चुकीच्या बाजूला, असलं काहीतरी. वर ती चूक राहिली तर जीप हवेत झोके घेते आणि पायलटला ती तोडून टाकावी लागते.

आता हिशेब बघा. पॅराट्रूपरला उडीचा भत्ता मिळतो, वर्षानुवर्षं तो महिना १५० डॉलर होता. हेलिकॉप्टरमधून हल्ल्यावर जाणाऱ्या पायदळाला तसा भत्ता नाही. नोव्हेंबर २००३मध्ये मोसुलवर १०१चे दोन ब्लॅक हॉक आदळले, १७ जण गेले. मार्च २०२३मध्ये केंटकीतच, सरावात, दोन ब्लॅक हॉक आदळले, नऊ गेले. माझं मत विचाराल तर 'एअरबोर्न' या अक्षरांवरून ८२ने चिडवावं, खुशाल चिडवावं. पण १०१ ती अक्षरं का सोडत नाही हे मला पूर्ण पटतं. ग्लायडरवाल्यांना पंख मिळायला दोन वर्षं आणि नॉर्मंडी लागली. यांच्याकडे तेवढा एक शब्द आहे.

आणि भांडण कितीही रंगलं तरी माणसं इकडून तिकडे बदलीवर जातातच. दोन्ही डिव्हिजन एकाच १८व्या एअरबोर्न कोअरमध्ये, ८२कडेही स्वतःची हेलिकॉप्टर ब्रिगेड आहे. कित्येकांच्या छातीवर दोन्ही बिल्ले असतात. अशा माणसाला दोन्हीकडून टोमणे बसतात.

जाता जाता माझा आवडता किस्सा. १०१मध्ये १८७वी रेजिमेंट आहे. सुरुवात ग्लायडरने, मग कोरियात पॅराशूट, आता हेलिकॉप्टर. युद्धानंतर जपानमध्ये असताना त्यांना नाव पडलं 'रक्कासान', ते आजही चालतं. मार्च २००२मध्ये अफगाणिस्तानच्या शाही-कोट खोऱ्यात हे रक्कासान चिनूकमधून उतरले. जपानीत रक्कासान म्हणजे पॅराशूट.

पुढच्या भागात ग्लायडर. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा.