चिलटाच्या डोक्यातली परांची

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरला ताईच्या घरावर दुसरा मजला चढत होता. भिंतीला बांबूची परांची लागलेली. पाचवीतली भाची खाली उभी राहून गवंडीकाकांना विचारत होती, "काका, भिंत तर झाली ना? मग हे बांबू कशाला ठेवलेत?"

"प्लास्टर व्हायचंय अजून," काका वरूनच म्हणाले. "झालं की उतरवू. परांची काय घरात राहायला असते का, बेटा?"

मला हसू आलं. कारण घरात कायमची राहणारी एक परांची मला माहीत आहे. ती त्या पोरीच्या डोक्यात आहे, काकांच्या डोक्यात आहे, तुमच्याही.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या सारख्या एकमेकींना निरोप धाडतात, पण बहुतेक ठिकाणी एकमेकींना टेकत मात्र नाहीत. मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. अशा चार हजार फटी शेजारी शेजारी मांडल्या, तर कुठे तुमच्या एका केसाची जाडी भरेल! या भेटीच्या जागेला सिनॅप्स म्हणतात. हे नाव पडलं १८९७ साली, आणि फट डोळ्यांना दिसली थेट १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. बारसं आधी, दर्शन नंतर!

निरोप कसा जातो? अलीकडची पेशी फटीत रसायनाचे रेणू सोडते. पलीकडच्या पेशीवर ते झेलणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. आता अडचण बघा. पेशीचं आवरण असतं स्निग्ध, पातळ. शेवभाजीच्या तर्रीवर शेव कशी इकडून तिकडे सरकते? तसेच हे रिसेप्टर आवरणात सरकत असतात. निरोप पडणार इथे आणि झेलणारा फिरायला गेलेला तिथे, असं झालं तर काय उपयोग?

म्हणून सिनॅप्स तयार होताना परांची बांधली जाते. आधी फटीच्या दोन बाजूंची दोन प्रथिनं एकमेकांचा हात धरतात. अलीकडचं न्यूरेक्सिन, पलीकडचं न्यूरोलिजिन. न्यूरोलिजिनचं शेपूट पेशीच्या आत लोंबत असतं. ते पकडतं पीएसडी-९५ नावाचं प्रथिन. रेल्वेच्या डब्याला शोभेल असं नाव आहे, पण त्यातला ९५ आकडा त्याच्या वजनाचा: एक रेणू सुमारे ९५ हजार हायड्रोजन अणूंच्या वजनाचा. त्याच्या अंगावर तीन खुंट्या असतात. कुठे न्यूरोलिजिनचं शेपूट अडकव, कुठे रिसेप्टरची दोरी बांध, असं त्याचं चालतं. एका सिनॅप्समध्ये असे साधारण तीनशे रेणू दाटीवाटीने बसतात. त्यांच्या खाली शँक आणि होमर ही प्रथिनं आडव्या बांबूंसारखी जोडली जातात आणि सगळं पेशीच्या सांगाड्याला बांधून टाकतात. झेलणारे आता बरोब्बर निरोप पडतो तिथेच उभे!

आणि काम संपलं म्हणून ही परांची कोणी उतरवत नाही. इथे परांचीच खोली, परांचीच भिंत. त्याहून नवल म्हणजे तिचे बांबू मात्र सतत बदलतात. पीएसडी-९५चे काही रेणू निघून जातात, त्यांच्या जागी दुसरे येतात, आणि जागेचा आकार तसाच टिकतो. गवंडीकाकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मजुरी कोण देतं?" प्रश्न चोख होता. मजुरी तुमच्या भाकरीतून जाते. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा भाग, पण जवळजवळ पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा खातो. त्यातली बरीच या निरोपांच्या देवघेवीवर खर्च होते.

परांची कच्ची राहिली तर? शँक-३ या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत हरवली किंवा बिघडली, तर मुलाला बोलायला उशीर होतो, शिकणं अवघड जातं. बांबू छोटा, पण घर त्याच्यावर.

आता खाली या, केळ्यांकडे. जळगाव जिल्ह्यात केळ्यांना काय तोटा! पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर जी बारकी चिलटं घोंगावतात, त्यांच्याही सिनॅप्समध्ये पीएसडी-९५चा भाऊबंद असतो. त्याचं नाव डीएलजी. १९९२ साली उंदराच्या मेंदूतलं पीएसडी-९५ शास्त्रज्ञांनी नीट वाचलं, तेव्हा ते चिलटाच्या डीएलजीशी जुळलं. माणूस आणि चिलट यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण खुंटीचा नमुना तोच राहिला.

कुजक्या फळांत राहणारा आणखी एक जीव आहे: एक मिलिमीटरचा, पारदर्शक सूत्रकृमी, सी. एलिगन्स. त्याच्याकडे फक्त ३०२ चेतापेशी. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी याच कृमीच्या चेतापेशींत सिनॅप्सचा माल कसा पोचतो ते पाहतात. पेशीत बारीक रूळ असतात आणि त्यावर माल ओढणारी प्रथिनं धावतात. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे आठवते? पहूरवरून जायची, तुमच्या आजोबांना विचारा. तशीच ही गाडी, फक्त रूळ २५ नॅनोमीटर जाडीचे. निरोप सोडणाऱ्या बाजूलाही परांची असते आणि या कृमीत तिचं एक प्रथिन आहे सिड-२. ते बिघडलं की निरोप सोडायची जागा आटोपशीर न राहता पसरट होते.

आता तुमचं काम. दिवाळीनंतर एक जास्त पिकलेलं केळं बरणीत ठेवा. चिलटं आत शिरली की बरणीच्या तोंडाला फडकं बांधा आणि तारीख लिहा. दोन-तीन दिवसांनी ती चिलटं सोडून द्या, फडकं पुन्हा बांधा. साधारण दहा ते पंधरा दिवसांत नवी कोरी चिलटं दिसतील. नेमके किती दिवस लागले ते मला कळवा. मे महिन्यात मात्र करू नका. खान्देशातल्या त्या उन्हात चिलटांनाही पिल्लं होत नाहीत.