शके 1945, मुक्काम उबूद

21 मार्च 2023. बाली बेटावरच्या उबूद गावातला, राजवाड्यासमोरचा चौक. दुपारी इथेच भूतखेतांना नैवेद्य ठेवला गेला. त्याला इथे ‘चारू’ म्हणतात. तो शब्द कानावर पडताच यज्ञातला चरू आठवून मी थबकले. आज इथल्या नवव्या महिन्याची अमावास्या, उद्या दहाव्याची प्रतिपदा. वर्षाचा आकडा बदलतो तो उद्या, दहाव्या महिन्यात. उद्या बालीत शके 1945 लागते आहे, आणि पुण्यात माझ्या घरीही उद्याच शके 1945 चा पाडवा आहे. दर वर्षी असा मेळ बसत नाही. अधिक महिन्याचा हिशोब दोन्हीकडे वेगळा असल्याने कधी कधी महिन्याचे अंतर पडते.

तिन्हीसांज होते. इथे तिला ‘संदिकाला’ म्हणतात. ज्यांच्या घरी मी उतरले आहे त्या इबु पेटता पलिता घेऊन अंगणाच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून फिरतात. मागून त्यांचा नातू पातेले बडवत चालतो. शेजारच्या घरातही तेच, त्याच्या पलीकडेही तेच. वर्षभर घरात साचलेले सगळे वाईट आज आवाजाने हाकलायचे.

मी चौकात परतते तोवर पहिला ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसाचा पुतळा, दिसू लागतो. आधी दिसतात ते त्याचे हात, घरांच्या कौलांच्याही वर. मग सुळे, लोंबती जीभ, बटबटीत डोळे. एवढे धूड एका घोट्यावर तोललेले आहे. खाली बांबूंची चौकट आणि तिच्या प्रत्येक चौकोनात एक मुलगा, खांद्यावर बांबू घेतलेला, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र. पुढे दोन माणसे लांब काठ्यांनी विजेच्या तारा वर उचलून धरतात. हे दृश्य मी पुण्यात गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर किती वेळा पाहिले आहे!

प्रत्येक वस्तीचा एक ‘बंजार’ असतो. जन्म, लग्न, मर्तिक, कशालाही तोच उभा राहतो. त्यातली तरुण मुले-मुली महिनोन्‌महिने रात्री जागून हा राक्षस घडवतात. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा हात पुढे करून दाखवतो. कामट्या तासून बोटे चिरली आहेत. थर्माकोल अजिबात नाही, सगळा बांबू आणि कागद, हे तो मला दोनदा सांगतो. ही प्रथा फार जुनी नाही, 1980 च्या दशकात ती बेटभर पसरली. पण त्या बोटांकडे पाहताना प्रथेचे वय विचारावेसे वाटत नाही.

झांजा कडाडतात. बालेगांजूरचा ताफा आला. झांजांच्या जोड्या एकमेकींच्या ठोक्यांमधल्या फटी भरत जातात, खालून ढोल, त्याखाली घंटांचा खर्ज. चौकाच्या मध्यावर राक्षस येतो आणि मुले आरोळी देऊन धावत त्याला गरगरा फिरवतात. उलट्या दिशेने, तीन वेळा. भुतांची दिशा चुकावी म्हणून. तिसऱ्या फेरीत चौकट तिरकी होते, गर्दी श्वास रोखते, एका कोपऱ्यातली पोरे गुडघ्यांवर येतात, पुन्हा उठतात. माझ्या घशाला कोरड पडली आहे. उजेडात इतका जिवंत दिसणारा हा राक्षस रात्री उशिरा स्मशानाजवळ जाळतात. महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात राख होते, आणि बोटे चिरलेला तो मुलगा टाळ्या वाजवत असतो.

सकाळचे सहा. न्येपी, नव्या वर्षाचा मौनाचा दिवस.

आज चार गोष्टी वर्ज्य: अग्नी, काम, प्रवास, करमणूक. उद्या सकाळी सहापर्यंत. चूल थंड आहे, दिवे बंद आहेत. विमानतळ चोवीस तास बंद, मोबाईलचे इंटरनेटही बंद. रुग्णवाहिकेला तेवढी सूट. काल चौकडीचे वस्त्र नेसून गर्दी आवरणारे पेचालांग आज रिकाम्या रस्त्यावर गस्त घालतात. फाटकाबाहेर पाऊल टाकायची मुभा सहसा कोणालाच नाही, माझ्यासारख्या पाहुण्यांनाही.

इबुंना मी परवा पाडव्याचे सांगितले होते. त्या आत्ता वाटी पुढे करतात. कालच आणून ठेवलेला कडुलिंबाचा कोवळा पाला आणि माडाचा गूळ. कडुलिंबाला इथे ‘इंतारान’ म्हणतात. मी पाने चावते. चव तीच.

दुपारी भातखाचरांच्या पाटाचे पाणी ऐकू येते. गेले चार दिवस ते इथेच वाहत होते आणि मी ऐकले नव्हते. मग पालीचा ‘तोके, तोके’. मग खूप वेळ काही नाही.

मिरवणूक जगात कुठेही निघते. पण 2020 च्या जनगणनेत 43 लाख भरलेल्या माणसांनी एका दिवसासाठी मिळून गप्प बसणे मला त्या राक्षसापेक्षा मोठे वाटते. आज रात्री रमजानची पहिली तरावीहची नमाज आहे. ती घरी किंवा पायी जाता येईल अशा मशिदीत, भोंग्याविना पढायची, असे सर्व धर्मांच्या मंडळींनी आधीच मिळून ठरवले आहे. शांतताही अशी अनेक खांद्यांवर उचलावी लागते, एक खांदा सुटला तरी ती कलंडते.

रात्री अंगणात माझा हात मला दिसत नाही. प्रतिपदेला चंद्र कुठला! डोळे सरावतात तसे आकाश खाली उतरते. पुण्यात दक्षिणेला क्षितिजाजवळ शोधावा लागणारा अगस्ती इथे बराच वर आहे. आग्नेयेला त्रिशंकू. इबुंचा नातू माझ्या बोटाच्या दिशेने पाहतो आणि कुजबुजत मोजू लागतो. पन्नासपर्यंत मोजून तो झोपी जातो.

पहाटे कोंबडे आरवतात तरी घरात कोणी दिवा लावत नाही. बरोबर सहाला दूर कुठेतरी एक मोटारसायकल सुरू होते, आणि इबु चूल पेटवतात.