नाव कोणत्या रजिस्टरात लिहायचे?

समजा, जळगावजवळच्या असोदा गावातील एका शाळेत नवा संगणक बसवायचा आहे. त्याची हार्ड डिस्क जळगावातच एका चालू संगणकाला जोडली, तिच्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि गुणांची नोंद ठेवणारी आज्ञावली भरली. मग ती असोद्याला नेऊन नव्या संगणकात बसवली. सगळ्या फायली जागच्या जागी आहेत, तरी आज्ञावली सुरू होत नाही. असे का व्हावे?

लिनक्समध्ये फायलींची रचना झाडासारखी असते. झाडाचे मूळ म्हणजे 'रूट' निर्देशिका. दुसरी डिस्क जोडली की तिच्यावरचे झाड चालू झाडाच्या एका फांदीवर कलम केल्यासारखे बसते. नव्या डिस्कवर आज्ञावली भरताना आपण संगणकाला सांगतो, "या कामापुरती ही फांदीच मूळ समज." हीच पर्यायी मूळ निर्देशिका.

अशा आज्ञावलीला बहुधा स्वतःचे वेगळे खाते दिलेले असते. त्यामुळे तिच्यात बिघाड झाला तरी इतरांच्या फायली सुरक्षित राहतात. हे खाते भरणीच्या वेळीच उघडले जाते. 'यूझरॲड' ही आज्ञा खात्याचे नाव आणि क्रमांक खात्यांच्या यादीत लिहिते. पण कोणत्या यादीत? वेगळे काही सांगितले नाही, तर चालू संगणकाच्या! म्हणजे फायली गेल्या असोद्याच्या डिस्कवर आणि नाव लागले जळगावच्या यादीत. विद्यार्थी एका शाळेत बसतो आणि त्याची नोंद दुसऱ्याच शाळेच्या जनरल रजिस्टरात, तसाच हा प्रकार.

याहून मोठा धोका पुढे आहे. डिस्कवर फाईलच्या मालकाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. जळगावच्या संगणकाने खात्याला 112 क्रमांक दिला आणि असोद्याच्या यादीत 112 हे छपाईचे खाते असले, तर गुणांच्या फायलींचे मालक छपाईचे खाते ठरते. संगणक मात्र चकार शब्द काढत नाही.

यावर उपाय आहेत. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' ही सोय आली. तिच्यामुळे आज्ञेला नवे झाड हेच सारे जग वाटते. 'यूझरॲड'चा 'रूट' हा पर्याय तिचाच वापर करतो. मात्र नव्या डिस्कवर आवश्यक साधने अजून आलेली नसतील, तर तिथे खाते उघडणाऱ्या आज्ञा चालणार कशा? अशा वेळी 'प्रीफिक्स' हा पर्याय उपयोगी पडतो. त्यात आज्ञा चालू संगणकावरच चालते, पण नोंद नव्या डिस्कच्या यादीत करते.

तिसरा उपाय म्हणजे क्रमांक आधीच ठरवून ठेवणे. डेबियन लिनक्समध्ये 0 ते 99 हे क्रमांक सर्वत्र सारखे असतात. उदाहरणार्थ, वेब सेवेच्या खात्याचा क्रमांक नेहमी 33 असतो. 100 ते 999 हे क्रमांक मात्र सहसा प्रत्येक संगणक आपापल्या क्रमाने वाटतो. घोटाळा होतो तो याच गटात. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. लिनक्सवर 'एलएस' आज्ञेला 'एल' हा पर्याय दिला की मालकाचे नाव दिसते, 'एन' दिला की क्रमांक दिसतो. मग एका संगणकावरची डिस्क दुसऱ्याला जोडून दोन्ही आज्ञा पुन्हा द्याव्यात. क्रमांक तेच राहतील. नावे बदलली, तर ती का बदलली, हे मुलांनाच सांगू द्यावे.