चेंडू मागे द्या, पाऊल पुढे टाका!

संध्याकाळी वस्तीतली पोरे मैदानात दिसली की कोणीतरी वडीलधारे हटकतेच, "खेळून पोट भरणार आहे काय?" खोटे कशाला बोलू, आम्हीही घरात हेच ऐकवत आलो. दिवसभर कारकुनी करून घरी यावे आणि मुलाचे फाटलेले बूट दिसावेत, मग तोंडून दुसरे काय निघणार? परंतु ओडिशातील आदिवासी मुलांच्या एका रग्बी संघाची हकीकत कळली आणि आमचे शब्द आम्हालाच टोचू लागले.

भुवनेश्वर येथे कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ही संस्था आहे. अच्युत सामंत यांनी १९९३ च्या सुमारास भाड्याच्या घरात १२५ आदिवासी मुलांना घेऊन ती सुरू केली. राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. आज तिथे पहिलीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकता येते. अशा मोठ्या वसतिगृहांत मुले घरापासून आणि आपल्या बोलीपासून तुटतात, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. तोही आपण ऐकला पाहिजे. पण दोन वेळचे जेवण आणि हातात पुस्तक मिळाल्यावर ही मुले काय करू शकतात, हे २००७ साली जगाने पाहिले.

त्या वर्षी लंडनमध्ये चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा झाली. कोलकात्यात गरीब मुलांना रग्बी शिकवणारे पॉल वॉल्श यांचे मार्गदर्शन या संघाला लाभले होते. अंतिम सामन्यात या मुलांनी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला १९-५ असे हरवले आणि करंडक भारतात आणला. पुढे या विजयावर 'जंगल क्राय' नावाचा चित्रपट निघाला, तो २०२२ साली प्रदर्शित झाला.

आपल्यापैकी अनेकांनी रग्बी पाहिलेलाही नसेल. चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. अडवणारे अंगावर येतात, खाली पाडतात. मात्र एक नियम मोठा विलक्षण आहे. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. जो पुढे धावला, त्याने तो मागून येणाऱ्या सोबत्याकडेच द्यायचा. एकट्याने पळून सामना जिंकता येत नाही.

हा विजय एका वर्षाचा चमत्कार ठरला नाही. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा खेळाडूंच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. शेवटच्या क्षणी निर्णायक पेनल्टी मारली ती याच संस्थेत वाढलेल्या, जाजपूर जिल्ह्यातील सुमित्रा नायक हिने. कर्णधार होती आपल्या पुण्याची वाहबिज भरुचा. ओडिशाची आदिवासी मुलगी आणि पुण्याची पारशी मुलगी, दोघींनी एकाच संघासाठी अंग मातीत लोळवले!

आता पोटाच्या प्रश्नाकडे येऊ. केंद्र सरकारच्या गट 'क'च्या नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंची भरती होते. २०२० साली त्या खेळांच्या यादीत वीस नव्या खेळांची भर पडली. त्यात रग्बी आहे, मल्लखांब आहे आणि रस्सीखेचही आहे. कार्यालयात कागद हाताळणारे म्हणून आम्ही पालकांना कळकळीने सांगतो, की मुलाने जिंकलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवा. कोणत्या पातळीवरची स्पर्धा ग्राह्य धरली जाते, हे आधी विचारून घ्या. आणि शिक्षण सोडू देऊ नका. खेळाने दार उघडले तरी आत जाताना पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता दाखवावीच लागते.

आपल्या मुलांकडे बळ कमी आहे काय? चपळाई कमी आहे काय? मुळीच नाही. कमी आहे ते मैदान, पोटभर अन्न आणि शिकवणारा माणूस. मैदानासाठी नगरसेवकाकडे अर्ज आपण करू शकतो. वस्तीतला जो तरुण कधीकाळी कबड्डी खेळून आज नोकरीला लागला आहे, तो रविवारचे दोन तास देऊ शकतो. मुलींनाही त्या मैदानात आणा. पुढे गेलेल्याने चेंडू मागच्याच्या हाती द्यायचा असतो, एवढे त्या ओडिशाच्या पोरांकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.