दुपारचं ऊन खुशाल घ्या, पण आकडा रात्रीचा बघा

माघ चालू आहे. पंचांगात अजून शिशिरच, वसंत यायचा तो चैत्रात. आपली म्हणसुद्धा 'होळी जळाली, थंडी पळाली' अशीच आहे. आणि इथं बिडकीनला होळी तीन आठवडे लांब असताना दुपारी स्वेटर खुंटीला आणि आम्ही अंगणात! आंब्याखाली बाज टाकायची, हरभऱ्याचे डहाळे सोलत बसायचं. मला तरी वर्षातले हेच दिवस सगळ्यात आवडतात. एप्रिलमध्ये त्याच बाजेवर दुपारी बसून दाखवा.

पण डोक्यावर मोहर आहे, आणि आमच्या घरचं वर्षाचं लोणचं याच एका झाडावर चालतं. त्यामुळे दरवर्षी हाच प्रश्न: एवढी लवकर गरमी, मोहराचं काय होणार?

तर फोनमधलं हवामानाचं ॲप उघडा. तिथं दोन आकडे असतात. आपण मोठा बघतो, "बापरे, तेहतीस!" म्हणतो आणि फोन ठेवतो. बागेसाठी आधी छोटा आकडा बघायचा, म्हणजे रात्रीचं किमान तापमान.

कारण सांगतो. आपला हा भाग पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर. हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता वर सोडून देते, म्हणून दुपारी घाम आणि पहाटे गोधडी. आभाळ भरून आलं, हवेत दमटपणा आला की ढगच गोधडीसारखे पसरतात आणि रात्र उबदार राहते.

आंब्याला मोहर धरायला थंड रात्रीच लागतात, पंधरा अंशांच्या आसपास उतरणाऱ्या, त्याही काही आठवडे. रात्री उबदार राहिल्या तर शेंड्याला फुलांऐवजी तांबूस पालवी फुटते. दिसायला सुंदर, पण लोणच्याच्या कामाची नाही! एकदा मोहर फुलला की मात्र उबदार दुपार चांगलीच. आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्या करतात आणि त्या उन्हातच फिरतात. मोहरावर माश्या दिसल्या की आमच्या घरी हाकलायला धावतात. अहो, राहू द्या त्यांना! भर फुलोऱ्यात, दिवसा फवारणीही नको. ढगाळ हवेत मात्र झाड रोज बघा, तेव्हा तुडतुडे आणि भुरी वाढायची भीती जास्त. आणि मोहर आहे तोवर आंब्याला भरपूर पाणी देऊ नका. कैरी वाटाण्याएवढी झाली की मग सुरू करा.

आता हे सगळं फक्त आपल्या अंगणापुरतं नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२५ चा फेब्रुवारी देशातला सर्वांत उष्ण ठरला. दिवसाच्या तापमानाचा विक्रम आधीच्या २०२३ च्या फेब्रुवारीकडेच राहिला, पण २०२५ मध्ये रात्री सगळ्यात उबदार होत्या. मला दुपारपेक्षा याची काळजी जास्त वाटते. दुपारी आपण सावलीत सरकतो, झाड कुठं सरकणार?

कुंड्यांचं थोडक्यात सांगतो. कोथिंबीर, मेथी, पालक या गरमीत भराभर दांडा वर काढून फुलावर येतात. पालक-मेथी लगेच खुडून खा. कोथिंबिरीची दोन-चार झाडं मात्र मुद्दाम ठेवा, फुलांवर मधमाश्या येतात आणि पुढं घरचे धनेही मिळतात. रिकाम्या कुंडीत भेंडी, गवार, काकडी लावायला हीच वेळ. पाणी सकाळी द्या आणि मातीवर वाळका पाला पसरा. मातीची कुंडी बाजूनंही सुकते, म्हणून बोट खुपसून ओल बघा, नुसतं वरून कळत नाही.

आज रात्रीचा आकडा बघून ठेवा आणि पहाटे उठून अंगणात जा. गारठा लागला, तर दुपारी बाज टाकायला हरकत नाही.